स्टॅनविकग्रस्त

जूनपासून मार्ज कोव्हाचिकने एकही जेवण बसून केलं नव्हतं. ताटली हातात घेऊन ती ओट्याशी उभी राहायची, दोन घास खायची, मग तशीच खिडकीपाशी जायची, तिथून गॅरेजच्या दारापर्यंत, आणि परत येईतो तळलेले बटाटे गार होऊन गेलेले असायचे. त्रेसष्ट वर्षांची बाई. ठेंगणी, खांद्यांनी रुंद, केस मुलासारखे बारीक कापलेले. आणि आवाज असा, की हार्लन फॉल्समध्ये नदीपलीकडे राहणाऱ्यांनाही कळायचं, आज शाळेच्या मैदानावर मुलींचा सराव आहे.

एकोणतीस वर्षं तिने त्या हायस्कुलात मुलींना सॉफ्टबॉल शिकवला. मग गाव आटत गेलं, वर्गांत पोरं कमी झाली, आणि शाळा बारा मैलांवरच्या दुसऱ्या शाळेत विलीन झाली. दोन शाळांचे दोन कोच, जागा एक. ती दुसऱ्या शाळेच्या कोचला मिळाली. तिचं वय चौतीस होतं. मार्जला निरोपाचा केक मिळाला, एक लाकडी फळी मिळाली, त्यावर तिचं नाव कोरलेलं. आडनावात एक अक्षर चुकलं होतं.

तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं. दुपारचे तीन वाजले की पाय आपोआप दाराकडे वळायचे. मग ती गाडी काढायची, तळ्यापर्यंत जायची, तळं जागेवर आहे एवढं बघायची आणि परत यायची. तिने गॅरेज तीनदा आवरलं. शेजाऱ्याच्या अंगणातली पानं त्याला न विचारता गोळा केली. धाकटा भाऊ म्हणाला, "मार्ज, एखादा छंद लाव." तिने विणकामाच्या सुया आणल्या आणि दोन दिवसांनी त्याच सुयांनी नाल्यातला कचरा काढला.

ऑक्टोबरात एका सकाळी ती पॉलेटच्या खानावळीत काउंटरला टेकून कॉफी पीत होती. उभ्यानेच. शेजारच्या स्टुलावर रॉय गॅल्बिन बसला होता. रॉय शाळेची बस चालवायचा. मार्जच्या टीमला त्याने बावीस वर्षं गावोगाव नेलं होतं. तो शब्दकोडं सोडवत होता आणि मार्ज त्याच्या खांद्यावरून उगाच डोकावत होती. कोड्याखाली रोजच्यासारखी चित्रमालिका होती, 'कोच स्टॅनविक'. तिच्या वडिलांच्या काळापासून ती या वर्तमानपत्रात छापून येत होती. ईस्ट लार्किन नावाच्या कुठल्याशा हायस्कूलचे खेळ, रोजची तीन चित्रं. ती कुणी वाचतं की नाही याचा विचार आजवर कुणी केला नव्हता.

"रॉय," मार्ज म्हणाली, "या पोराची बोटं मोज."

"कुठल्या पोराची?"

"हा बघ ना, बॉल झेलतोय तो. मोज."

रॉयने चष्मा वर केला. "सहा."

"सहा! आणि तरी बॉल सुटला! सहा बोटं देऊन देवाने काय साधलं? आणि हा बघ, याचं नाव डेरिक पूल. रॉय, मी शपथेवर सांगते, माझी पुतणी टेसा शाळेत होती तेव्हाही हा शेवटच्या वर्षाला होता. टेसा आता सत्तावीस वर्षांची आहे. एवढ्या वर्षांत दुसरा कुणी असता तर त्याच शाळेत मुख्याध्यापक झाला असता."

रॉयच्या नाकातून कॉफी आली. पॉलेट फडकं घेऊन धावली. आजूबाजूच्या टेबलांवरचे चारजण मान वळवून हसले, आणि मार्जने मैदानावरचा तोच आवाज लावून उरलेलं चित्र वाचून दाखवलं. कोच स्टॅनविक म्हणत होता, "मुलांनो, आपल्याला जिंकायचं असेल तर त्यांच्यापेक्षा जास्त गुण करावे लागतील." खानावळ हसून लोळली. जूननंतर पहिल्यांदा इतकी माणसं तिच्याकडे एकदम बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी लोक तिची वाट बघत होते. महिन्याभरात टेसा, जी दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची, म्हणाली, "आत्या, हे सगळं मी इंटरनेटवर टाकते. तू नुसतं बोल, मी लिहिते." दोन दिवस तिने लिहून घेतलं. पण आत्या सकाळी सातला एकदा, मग दहाला, दोनला, चारला फोन करायला लागली, तेव्हा तिने आत्यालाच टाइप करायला शिकवलं. ब्लॉगचं नाव ठेवलं 'स्टॅनविकग्रस्त', आणि वर आत्याचा मैदानावरचा, गळ्यात शिट्टी घातलेला फोटो लावला.

माणसं कुठून कुठून आली ते कळलंही नाही. नाताळपर्यंत रोज चारेकशे जण येऊन जायचे, आणि पन्नास-साठजण चार ओळी लिहून ठेवायचे. खरी नावं कुणी सांगत नसे. एकजण स्वतःला 'डावा बूट' म्हणायचा, कारण डेरिक पूलच्या दोन्ही पायांत डावाच बूट असतो हे शोधून काढणारा तोच. 'सहावं बोट' नावाचं कुणीतरी रोज न चुकता सगळ्यांची बोटं मोजून आकडा लिहायचं. बास्केटबॉलचा हंगाम लागला तेव्हा तर दिवाळीच. ईस्ट लार्किनचे पाचांऐवजी सातजण एकाच वेळी मैदानावर होते. विल्मा नावाची मुलगी फ्री थ्रो, म्हणजे एकटीने बास्केटमध्ये बॉल, टाकायला उभी राहिली ती नऊ दिवस उभीच. मार्जने रोज तिचा हालहवाल दिला. "दिवस सहावा. विल्माला कुणीतरी सँडविच नेऊन द्या." "दिवस आठवा. विल्माचं लग्नाचं वय निघून चाललंय." 'डावा बूट'ने वर्तमानपत्राच्या संपादकाला पत्र धाडलं की विल्माची सुटका करा. मग तशी पत्रं पाठवायची टूमच निघाली.

लिहिताना मार्ज बसायची नाही. कॉम्प्युटर तिने इस्त्रीच्या टेबलावर ठेवला होता. दोन वाक्यं टाइप करायची, स्वयंपाकघरात एक फेरी मारायची, तिसरं सुचलं की धावत यायची.

फेब्रुवारीत मालिकेत एक नवं माणूस आलं. प्रेक्षकांच्या बाकांवर ठेंगणी, रुंद खांद्यांची, बारीक केसांची बाई. गळ्यात शिट्टी. तोंड कायम उघडं. नाव मॅज.

ब्लॉगवर एकच जल्लोष झाला. "कोच, तुम्ही छापून आलात!" "सहा बोटं मिळाली का?" 'सहावं बोट'ने मोजून सांगितलं की एका हाताला चार आहेत, म्हणजे हिशेब बरोबर झाला. मार्जने ते चित्र कापून फ्रीजवर लावलं. पॉलेटने खानावळीत लावलं. आठवडाभर मार्ज मॅजच्या प्रत्येक आरोळीवर लिहीत राहिली: बाईंच्या फुप्फुसांचा एक्स-रे काढा, बाई सामना बघतायत की गाय हाकतायत. रॉय म्हणाला, "हे काढणाऱ्याला तू आवडलीस गं." ती म्हणाली, "गप. तुझं कोडं सोडव."

तिसऱ्या आठवड्यात, एका गुरुवारी, सामना संपला होता. बाकं रिकामी होती. मॅज एकटी बसली होती. डेरिक पूल कोचला विचारत होता, "या बाई घरी का जात नाहीत?"

आणि कोच स्टॅनविक म्हणत होता, "घरी ओरडायला कुणी नाही, डेरिक."

मार्जने ते इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून वाचलं. मग स्वयंपाकघरात फेरी मारली. परत आली, परत वाचलं. ब्लॉगवर दोन तास कुणी काही लिहिलं नाही. एरवी सात वाजून एक मिनिटाने तिथे झुंबड असायची. शेवटी 'डावा बूट'ने एक ओळ टाकली, मॅजला निदान कान तरी दोन आहेत. त्यावर कुणी हसलं नाही.

फेब्रुवारीची कडाक्याची थंडी, आणि मार्जने गाडी धुतली. पाणी काचेवरच गोठलं. ते खरवडून काढलं. मग गॅरेजमधल्या खेळाच्या जुन्या किटबॅगा बाहेर काढल्या, त्यांतले बॉल पुसले, परत भरल्या, एक उगाच गाडीत टाकली. तळ्यापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. दुसऱ्या दिवशी खानावळीत तिने रॉयचा पेपर उचलून पालथा ठेवला.

"मी जाते," ती म्हणाली.

"कुठे?"

"इंडियानाला. हे काढणारा माणूस तिथे राहतो. टेसाने शोधून काढलंय. एवढंसं गाव आहे, पेट्रोलपंपावर विचारलं तरी सांगतील."

"साडेचार तास लागतात."

"तुझ्यासारखी बस चालवायला लागले तर सहा लागतील. मी चारात पोचेन."

"मार्ज, त्या माणसाला मारू नकोस."

"मी आजवर कुणाला मारलंय?"

रॉयने विचार केला. "९८ सालचा तो अंपायर," तो म्हणाला.

"त्याला मी ढकललं होतं," असं म्हणून ती गेली.

लेलँड ऑस्टरमायर एका बैठ्या घरात एकटाच राहायचा. एकाहत्तर वर्षांचा, उंच, किडकिडीत, उभा राहिला की आपण जागा जास्त घेतोय असं वाटून जरा वाकणारा. त्याने दार उघडलं आणि पांढराफटक पडला.

"तुम्ही मॅज," तो म्हणाला.

"मी मार्ज."

"हो. तेच."

मार्जने चार तास गाडीत जे पाठ केलं होतं ते सगळं दारातच म्हणून टाकलं. तुम्ही मला ओळखत नाही, माझ्या घरी कोण आहे नाही ते तुम्हाला काय माहीत, आमच्या थट्टेत आम्ही बोटं मोजतो, माणसाच्या घरात शिरत नाही. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. लेलँड ऐकत राहिला. मग म्हणाला, "आत येता का? बाहेर गार आहे."

आतल्या खोलीत तिरकं टेबल होतं, शाईच्या बाटल्या, आणि भिंतीला लावून फायली. फायलींवर महिने लिहिलेले. मार्जने एक ओढली. तिचाच ब्लॉग, रोजचा छापून काढलेला, माणसांच्या शेऱ्यांसकट. विल्माचा दिवस सहावा, दिवस आठवा.

"हे कशाला?"

"तीस वर्षं मी हे काढतोय, बाई," लेलँड म्हणाला, "आणि ऑक्टोबरपर्यंत एकाही माणसाने मला सांगितलं नव्हतं की मी आज काय काढलं."

मूळ मालिका त्याची नव्हतीच. ज्याने ती सुरू केली तो स्वतः खेळाडू होता. लेलँड त्याच्याकडे संवादांच्या फुग्यांतली अक्षरं काढायला होता. मालक अचानक गेला, वर्तमानपत्रांना मालिका पुरवणाऱ्या कंपनीने विचारलं पुढचा आठवडा कोण काढेल, याने काढला, आणि मग कुणी थांबच म्हटलं नाही. त्याने उभ्या जन्मात बॉल हातात धरला नव्हता. शाळेत तो बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा, मैदानाकडे पाठ करून.

"आणि ती ओळ?" मार्जने विचारलं. "घरी कुणी नाही हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

लेलँडने खाली बघितलं. "तुम्ही सातला लिहिता. मग दहाला. मग दोनला, चारला. रविवारीसुद्धा. घरात माणूस असलं तर इतकं लिहून होत नाही." मग म्हणाला, "मला कळतं, कारण मी ते सातला वाचतो, दहाला वाचतो, दोनला आणि चारला."

मार्ज खिडकीपाशी गेली. तिथून फायलींपाशी, तिथून परत टेबलापाशी. टेबलावर पुढच्या महिन्याची कच्ची चित्रं होती. बेसबॉल. तिने ती बघितली आणि तिचा राग एकदम दुसऱ्याच वाटेने गेला.

"हे काय आहे?"

"डबल प्ले. म्हणजे, एका फटक्यात दोघं बाद."

"हे डबल प्ले नाही, लेलँड! हा अपघात आहे! हा इथे का उभाय? हा पहिल्या बेसवर पाहिजे. हा तुमचा दुसऱ्या बेसवरचा तर कुंपणावर चढलाय!"

तिने शाईच्या बाटल्या ओढल्या, टेबलावर चार बेसचा चौकोन मांडला, कॉफीचा मग धावपटू केला. बॉल इकडे आला, याने उचलला, याच्याकडे फेकला, एक बाद, याने वळून तिकडे फेकला, दोन बाद. पुन्हा. पुन्हा. तिसऱ्यांदा तिने लेलँडला मग हलवायला लावला आणि त्याने तो उलट्या दिशेने नेला. तेव्हा तिने गाडीतून किटबॅग आणली, त्याला बर्फाळलेल्या अंगणात उभं केलं आणि हातात ग्लव्ह दिला. त्याने तो चुकीच्या हातात घातला.

"गुडघे वाकवा! अजून! तुम्ही खुर्चीवर बसताय का? अहो, बॉलकडे बघा, माझ्याकडे काय बघताय!"

दोन घरं पलीकडे कुणीतरी पडदा सारून बघितलं. एकाहत्तर वर्षांच्या लेलँड ऑस्टरमायरने नवव्या प्रयत्नाला आयुष्यातला पहिला बॉल झेलला आणि तो हातात धरून बराच वेळ तसाच उभा राहिला. ओरडून ओरडून मार्जचा आवाज बसला होता. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

त्यानंतर दर सोमवारी लेलँडची कच्ची चित्रं तिच्याकडे यायला लागली. ती लाल पेन्सिलने दुरुस्त्या करायची आणि परत धाडायची. बॉल टाकणाऱ्याचा पाय. पंचाची जागा. डेरिकला उजवा बूट. हे तिने कुणालाही सांगितलं नाही, रॉयलाही नाही. सकाळी ती ब्लॉगवर थट्टा करायची आणि दुपारी त्याच थट्टेची मुळं उपटायची. या दोन कामांमध्ये तिचा दिवस इतका भरला की तीन कधी वाजले ते कळेनासं झालं.

चित्रं छापून यायला सहा आठवडे लागत. एप्रिलच्या शेवटी दुरुस्त चित्रं पेपरात दिसायला लागली. मैदानावर नऊच खेळाडू. धावफलक कालचा तोच आज. डबल प्ले तर असा स्वच्छ आला की कुठल्याही मास्तरने वर्गात लावावा.

ब्लॉगवर पहिल्या दिवशी शांतता. दुसऱ्या दिवशी 'डावा बूट'ने लिहिलं, "डेरिकच्या उजव्या पायात उजवा बूट. मी आता नाव बदलू का?" 'सहावं बोट'ने लिहिलं, "आज पाच बोटं. दोन्ही हातांना. सगळ्यांना. मला कसंतरीच होतंय."

मार्ज ओढूनताणून विनोद करायची. कोचच्या टायवर, आकाशातल्या ढगांवर. हसू येईना. चारशेचे दोनशे झाले, दोनशेचे नव्वद. संपादकांना जाणारी पत्रंही थांबली. मे महिन्यात लेलँडचा फोन आला. त्याचा आवाज मुळातच बारीक, तो आणखी बारीक झाला होता.

"तीन वर्तमानपत्रांनी मालिका बंद करायचं ठरवलंय. म्हणतात, पूर्वी हिच्याबद्दल पत्रं तरी यायची."

"पण आता तर सगळं बरोबर आहे!"

"हो," लेलँड म्हणाला. "तेच."

त्याच संध्याकाळी टेसा आली. आत्या हातात डबा धरून उभ्या उभ्या पिरोगी, बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, खात होती. टेसाने इस्त्रीच्या टेबलावरची लाल पेन्सिल बघितली. कच्चं चित्र बघितलं.

"आत्या, तू त्याला सामील झालीस?"

"मी फक्त त्या पोराचा पाय सरळ केला."

"आत्या!"

"अगं, चुकीचं दिसतं आणि मला गप्प बसवत नाही! एकोणतीस वर्षं तेच तर केलं!"

"लोकांना सांगावं लागेल तुला."

मार्जने त्या घरात किती फेऱ्या मारल्या ते टेसाने मोजलं नाही. शेवटी आत्याने लिहिलं, सरळ सात ओळींत. मी इंडियानाला गेले होते. दुरुस्त्या माझ्या आहेत. त्याला बॉल झेलता येतो आता.

मग जी बरसात झाली! "फितूर!" "घरभेदी!" "कोच, तुम्ही विल्माला विकलंत!" 'डावा बूट'ने लिहिलं की त्याने दोन्ही बूट काढून ठेवले आहेत आणि तो सुतकात आहे. एकाने मार्जचं चित्र काढलं, तोंड उघडं, एका हातात लाल पेन्सिल, एका हातात खंजीर. दोन्ही हातांना सहा-सहा बोटं. दीडशे शिव्या मोजून झाल्यावर मार्जच्या लक्षात आलं की महिन्याभरात इतकी माणसं इथे आली नव्हती, आणि ती स्वतः मोठ्याने हसते आहे.

'सहावं बोट'ने मात्र शिवी दिली नाही. पहिल्यांदाच लांब लिहिलं. "मी आयोवात एका मठात राहते. वय ब्याऐंशी. चाळीस वर्षं गणित शिकवलं. आता इथे माझ्याकडे मोजायला काही नाही, म्हणून रोज सकाळी बोटं मोजते. जेवणाच्या टेबलावर आम्ही आठ जणी आहोत, मी आकडा सांगितल्यावर सगळ्या हसतात. तुम्ही केलंत ते बरोबर केलंत, कोच. पण आम्हाला काहीतरी मोजायला द्या. सिस्टर बर्नाडेट."

मार्जने ते लेलँडला फोनवर वाचून दाखवलं.

"मी पुन्हा चुका करतो," तो लगेच म्हणाला.

त्याने केल्या. छापायला गेलेली चित्रं परत मागवून कोचला दोन टोप्या घातल्या. पंचाला तीन हात. ब्लॉगवर एका सकाळीत निकाल लागला. 'डावा बूट'ने लिहिलं, "ही मुद्दाम केलेली चूक आहे. यात जीव नाही. पूर्वीच्या चुका मनापासून असायच्या." सिस्टर बर्नाडेटने फक्त आकडा लिहिला, पंधरा, आणि पुढे पूर्णविराम.

"बघा," लेलँड म्हणाला, "तुम्ही मला शिकवलंत. आता मला ते विसरता येत नाही."

मार्ज फोन कानाला लावून अंगणात गेली, कुंपणापर्यंत, परत पायरीपर्यंत. मुलीला मुद्दाम चुकीचा थ्रो शिकवायचा म्हटलं तर तिच्याने झालं नसतं, आणि चार वर्तमानपत्रं आणखी गेली तर हा माणूस त्या तिरक्या टेबलाशी काय करणार, हेही दिसत होतं. सातव्या फेरीला तिला सुचलं.

"लेलँड, बांबूची उडी माहीत आहे? बांबू घेऊन धावतात आणि आडव्या दांड्यावरून उडी मारतात ती?"

"बघितली आहे. एकदा. लांबून."

"मलाही काही कळत नाही त्यातलं. आमच्या शाळेत नव्हतीच ती. मी एक ओळही दुरुस्त करू शकणार नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कागद खसखसले.

डेरिक पूलने जुलैत बांबू हाती घेतला, देशभरच्या शाळांना सुट्टी लागून महिना होऊन गेल्यावर. तो धावत आला, बांबू कुठेतरी टेकवला, वर गेला आणि वरच राहिला. सोमवारी हवेत. मंगळवारी हवेत. बुधवारी खाली मॅज ओरडत होती आणि तिची मान उलटी होती. "दिवस पाचवा," मार्जने लिहिलं, "डेरिकच्या बाजूने बदकं दक्षिणेकडे चालली आहेत." माणसं परत आली, आधी दोनशे, मग पाचशे. सिस्टर बर्नाडेटने सोळा मोजली आणि लिहिलं की मठात टाळ्या झाल्या. 'डावा बूट'ने बूट घातले. कॅन्ससचा एक गडी आला, त्याने तारुण्यात ही उडी मारली होती. त्याच्या अंगाची लाही लाही झाली, आणि त्याची संतापून लिहिलेली पत्रं मार्जपेक्षाही मजेशीर होती. एका वर्तमानपत्राने मालिका परत सुरू केली. दोघांनी नाही केली. बंद करायला निघालेल्या चौथ्याने ऑगस्टपर्यंत थांबू म्हटलं.

मार्जला हे सगळं चांगलं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं. पण कॅन्ससचा गडी लिहायचा, "बांबू तिथे टेकवतच नाहीत!" आणि ती विचार करायची, मग कुठे टेकवतात? भांडी घासताना विचार करायची. रॉयला विचारलं. रॉय म्हणाला, "मला काय ठाऊक, मी बसमध्ये झोपायचो."

एका सकाळी तिने गाडी काढली, आणि तळ्याच्या रस्त्याला न लागता बारा मैलांवरच्या शाळेकडे गेली. विलीन झालेल्या शाळेत, जिथे ती एक वर्षात गेली नव्हती. मैदानावर सुट्टीतलं शिबिर चाललं होतं. बांबूची उडी होती. आठ-दहा मुलंमुली रांगेत. आणि शिकवणारी तीच, चौतिसाची, आता पस्तिसाची, जिने तिची जागा घेतली होती. मार्ज कुंपणाबाहेर उभी राहिली. वीस मिनिटं तिने काहीच म्हटलं नाही, आणि ते तिच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं.

ती तरुण बाई स्वतःच जवळ आली. "कोच कोव्हाचिक? तुम्ही... काही काम होतं?"

"तो खड्डा," मार्ज म्हणाली. "दांड्याखाली तो पत्र्याचा खड्डा दिसतोय. बांबू त्यात टेकवतात?"

"हो. त्याला आम्ही पेटी म्हणतो. आत येऊन बघा ना."

मार्ज आत गेली. पेटी बघितली, हात घालून खोली बघितली. बांबू वाकतो कसा, वरचा हात कुठला, सोडायचा कधी, एकामागून एक विचारत राहिली. तरुण कोच सांगत होती. मग एका मुलीचं धावणं चुकलं आणि मार्जच्या तोंडून निघून गेलं, "पावलं मोज पोरी, शेवटची दोन आखूड पडतायत!" कान तापले तिचे.

तरुण बाई त्या मुलीकडे बघत राहिली. "खरंच आखूड पडतायत," ती म्हणाली. "मला आठवडाभर कळत नव्हतं. उद्या असाल का तुम्ही? आम्ही नऊला सुरू करतो."

"बघते," मार्ज म्हणाली, आणि घरी जाताना वेगमर्यादेच्या बरीच पुढे गेली.

घरी आल्या आल्या तिने इंडियानाला फोन लावला.

"लेलँड! बांबू कुठे टेकवतात ते मला कळलं!"

"सांगू नका!" लेलँड ओरडला. त्या माणसाला ओरडता येतं हे तिला आत्ता कळत होतं. "मार्ज, तुम्हाला शपथ आहे, मला सांगू नका. डेरिक अजून चार दिवस वर आहे!"

"नाही सांगत. फक्त एवढंच, की तो हात—"

"मार्ज!"

"बरं, बरं. राहिलं." तिने ओठ घट्ट मिटले, स्वयंपाकघरातून दारापर्यंत गेली, परत आली. "पण एक सांगू का? नाही, नको. तुम्ही जेवलात का?"

"जेवतोय."

"बसून?"

"हो. का?"

"काही नाही, सहज," मार्ज म्हणाली, आणि फोन कानाशी धरूनच परत दाराकडे निघाली.